वॅगन, बोगदा आणि मंडपाचा बांबू

कोलकात्यात नागेरबाजार मागे टाकून जेसोर रोडने विमानतळाकडे निघाले की डमडमचा जुना कारखानदारी पट्टा लागतो. एचएमव्हीच्या तबकड्या याच रस्त्यावरच्या कारखान्यात दाबल्या जात. महाराष्ट्रातल्या घराघरांत वाजलेले नाट्यसंगीत आणि भावगीत इथून पेट्यांत भरून पुण्या-मुंबईला जाई. आणि याच रस्त्यावर, 21-22 क्रमांकाच्या पत्त्यावर, जेसप आणि कंपनीचा कारखाना आहे.

जेसप म्हटले की आपल्याकडच्या बांधकाम खात्यातल्या जुन्या माणसांना रोड रोलर आठवेल. पण जेसपचा पसारा त्याहून कितीतरी मोठा होता. मालगाडीच्या वॅगन, लोकलचे डबे, क्रेन, धरणांचे दरवाजे, कागद गिरणीची यंत्रे असे सगळे इथे बनत असे. कंपनी आपला वारसा 1788 पासून सांगायची. आज तिथे वॅगन बनत नाही. भिंतीच्या आतली यंत्रे चोरीला गेल्याच्या तक्रारी झाल्या, 2016 च्या ऑक्टोबरमध्ये शेडना आगी लागल्या, पोलीस तपास झाला. बाहेर जेसोर रोडची वाहतूक मात्र दिवसभर थांबत नाही.

मंदी आली की सरकारने हात सैल सोडावा की आखडता घ्यावा, हा वाद दिल्लीत टक्केवारीत चालतो. डमडममध्ये तो अधिक नीट समजतो, कारण इथे सरकारी पैसा आला तेव्हा काय झाले, आटला तेव्हा काय झाले आणि अर्ध्यावर थांबला तेव्हा काय झाले, हे तिन्ही एकाच परिसरात पाहायला मिळते.

वादातले दोन्ही पक्ष जुने आहेत. मंदीत प्रत्येक जण खर्च पुढे ढकलतो आणि प्रत्येकाचे ते शहाणपणाचेच असते. पण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई. गिऱ्हाइकाने नवा पंखा घेतला नाही की दुकानदार माल मागवत नाही, कारखानदार पाळी कमी करतो आणि पाळी गेलेला कामगार स्वतःच्या घरचा पंखा पुढे ढकलतो. अशा वेळी तोटा सोसून खर्च करू शकेल असे एकटे सरकार उरते, हे केन्सने 1936 मध्ये मांडले. विरोधकांचे म्हणणेही हलके नाही. हा पैसा कर्जाचा असतो, व्याज पुढच्या वर्षांच्या करातून जाते, माल अपुरा असेल तर भाव भडकतात, आणि एकदा सुरू केलेला खर्च निवडणुकीच्या तोंडावर कोणी बंद करत नाही.

एकच गिऱ्हाईक

वॅगन ही दुकानात मांडून विकायची वस्तू नव्हे. तिचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे एकच होते, रेल्वे. रेल्वे बोर्डाची ऑर्डर निघाली की जेसप, हावड्याचे बर्न, ब्रेथवेट, बेलघरियाचे टेक्समॅको या कारखान्यांत काम सुरू होई. चाके आणि पोलादासारखा माल बऱ्याचदा रेल्वेच पुरवी. कारखाना सांगाडा जोडी, पण कपलिंग, कास्टिंग, बोल्ट, ब्रेकचे भाग बाहेरून येत. हावड्याच्या बेलिलियस रोडसारख्या भागांत एका खोलीत दोन लेथ टाकून बसलेले कारागीर हे भाग करत. मोठ्या कारखान्याला ऑर्डर मिळाली की या खोल्यांत रात्रीही दिवे असत. ऑर्डर थांबली की सगळ्यात आधी अंधार इथेच होई, कारण मोठा कारखाना यांचीच बिले अडकवून ठेवतो आणि यांच्याकडे साठवलेले भांडवल नसते.

ही साखळी 1966 नंतर तुटू लागली. 1965 चे युद्ध झाले, लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, परदेशी मदत थांबली. 6 जून 1966 ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि 4 रुपये 76 पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. चौथी पंचवार्षिक योजना पुढे ढकलली गेली. 1966 ते 1969 या काळात एकेका वर्षाच्या योजनांवर गाडा हाकला गेला. अभ्यासक या काळाला योजनेची सुट्टी म्हणतात, पण वॅगन कारखान्यांच्या दृष्टीने ती ऑर्डरींची सुट्टी होती. काही वर्षांत वॅगनची मागणी निम्म्यापेक्षाही खाली आली. दुष्काळाने खेड्यातले गिऱ्हाईक आधीच गारद झाले होते, त्यात सरकार नावाचे गिऱ्हाईकही निघून गेले.

सप्टेंबर 1967 मध्ये नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदावर धनंजयराव गाडगीळ आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत उभी हयात घालवलेल्या या माणसाच्या वाट्याला अर्धवट थांबलेले नियोजन पुन्हा मार्गी लावण्याचे काम आले. चौथी योजना अखेर एप्रिल 1969 मध्ये सुरू झाली.

त्या वेळी खर्च कापणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या जहाजातून येणाऱ्या गव्हावर देश जगत होता. बाजारात धान्य नसताना लोकांच्या हाती जास्त पैसा दिला असता तर धान्याचेच भाव चढले असते. त्यामुळे काहीतरी कापणे भाग होते. पण कात्री कुठे चालवली, हे बघण्यासारखे आहे. पगार कापले तर कर्मचारी रस्त्यावर येतात, अनुदान कापले तर आमदार ओरडतात. न दिलेल्या ऑर्डरीसाठी मोर्चा निघत नाही, म्हणून कात्री ऑर्डरींवर चालते. सरकार कोणतेही असो, तंगीच्या वर्षात पहिला बळी भांडवली खर्चाचाच जातो, आणि त्याची किंमत वीस-तीस वर्षांनी कळते.

बंगालमध्ये तेव्हाच राजकारण पेटले. मार्च 1967 मध्ये संयुक्त आघाडीचे सरकार आले, घेराव हा शब्द देशभर पोहोचला, मालकांनी टाळेबंद्या लावल्या. कारखाने लाल बावट्याने बुडवले की दिल्लीने, यावर कोलकात्यात आजही तावातावाने बोलले जाते. घेरावांनी भांडवल पळाले, हे खरेच आहे. पण ज्या कारखान्यात पुढच्या सहा महिन्यांचे काम नाही तिथल्या कामगाराला आणि व्यवस्थापकाला वाटाघाटीत एकमेकांना देण्यासारखे काही उरत नाही, हेही तितकेच खरे. रिकाम्या ऑर्डर-वहीचा वाटा या चर्चेत फारच कमी धरला जातो.

बाजार सावरायचा की माणूस

सरकारी पैशाचा जेसपशी आलेला पहिला मोठा संबंध याआधीचा, आणि तो वेगळ्याच जातीचा होता. 1957 मध्ये कलकत्त्याचा शेअर बाजार मलूल होता. नुकत्याच जन्मलेल्या आयुर्विमा महामंडळाने त्या जूनमध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या ताब्यातल्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्यांत जेसप होती, तशीच आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण बाहेर काढले. न्यायमूर्ती एम. सी. छगला यांची चौकशी मुंबईत, जाहीरपणे झाली. आत जागा न मिळालेल्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले, इतकी गर्दी लोटत होती.

बचाव असा होता की पडता बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली. छगलांना तो पटला नाही. बाजार सावरायचा तर एकाच माणसाच्या कंपन्यांचे शेअर, गुंतवणूक समितीला न विचारता, कशाला घ्यायचे? फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला आणि जेसपची व्यवस्था सरकारकडे आली. मंदीत पैसा ओतण्यावर आजही जो सर्वांत गंभीर आक्षेप घेतला जातो, तो याच चौकशीत नोंदला गेला आहे. संकटाचे निमित्त मिळाले की सार्वजनिक तिजोरीतून ओळखीच्या माणसाला वाचवणे सोपे होते. म्हणून खर्च करावा या बाजूने बोलणाऱ्याने हिशेब उघडा ठेवण्याचा आग्रह विरोधकापेक्षा जास्त धरायला हवा.

1973 मध्ये जेसप पूर्ण सरकारी झाली. पुढची तीस वर्षे ती कधी चालली, कधी रखडली. ऑर्डरी कमी पडल्या तरी पगार चालू राहिले आणि तोटा साचत गेला. खर्च चालू ठेवला की उद्योग जगतो, असे मानणाऱ्यांना हा काळ अडचणीचा आहे. पगार देऊन माणसे टिकली, पण नवे यंत्र आले नाही आणि कामाची खात्रीही नव्हती. ऑगस्ट 2003 मध्ये सरकारने आपला 72 टक्के हिस्सा 18 कोटी 18 लाख रुपयांना खासगी समूहाला विकला.

खणलेला रस्ता

डमडम स्टेशनवर उपनगरी गाड्या आणि मेट्रो शेजारी शेजारी आहेत. लोकलने आलेली गर्दी जिना चढून मेट्रोच्या उन्नत फलाटावर जाते. गाडी सुटते आणि बेलगाछियाच्या आधी जमिनीखाली शिरते. सकाळी या जिन्यावर उभे राहिले तर हा मार्ग नसता तर ही माणसे कशी गेली असती, याचा विचार करवत नाही. सार्वजनिक कामाचे याहून चांगले उदाहरण कोलकात्यात क्वचितच सापडेल.

पण या मार्गाने घेतलेला वेळ पाहा. 29 डिसेंबर 1972 ला इंदिरा गांधींनी कोनशिला बसवली. डमडम ते टॉलीगंज हे जेमतेम साडेसोळा किलोमीटरचे काम. 1977-78 पर्यंत पुरेसा निधीच मिळाला नाही. रस्ते खणून ठेवलेले, जमिनीखालच्या नळवाहिन्या हलवायच्या राहिलेल्या, न्यायालयाचे मनाई हुकूम, सिमेंट-पोलादाचा अनियमित पुरवठा, असे रखडत रखडत पहिली गाडी धावली ती 24 ऑक्टोबर 1984 ला, शहराच्या मध्यभागी. त्यानंतर 12 नोव्हेंबरला डमडम ते बेलगाछिया हा जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा तुकडा सुरू झाला.

हा तुकडा पुढे कुठेच जोडलेला नव्हता. बेलगाछियाला उतरून पुढे जायला पुन्हा बस किंवा ट्रामच पकडायची, तर मेट्रोत बसायचे कशाला? प्रवासीच मिळेनात, म्हणून ऑक्टोबर 1992 मध्ये ही सेवा बंद करावी लागली. पूर्ण मार्ग जोडला गेला 27 सप्टेंबर 1995 ला. तोच तुकडा, तेच रूळ. पण पुढे रस्ता जोडला गेल्यावर गर्दी आवरेना. खर्चाचा उपयोग किती, हे रकमेपेक्षा काम कुठे जाऊन पोहोचते यावर ठरते. अर्धवट पुलाचा उपयोग अर्धा नसतो, शून्य असतो.

विमानतळाच्या बाजूला याचे दुसरे उदाहरण झाले. डमडम कॅन्टोन्मेंटपासून विमानतळापर्यंत चक्ररेल्वेची उन्नत शाखा बांधली, 2006 मध्ये गाड्या सुरू झाल्या, प्रवासी तुरळक राहिले, दहाएक वर्षांत ती बंद पडली आणि मेट्रोसाठी मोडून काढली. बांधकाम चालू असताना त्या कामानेही मजुरी दिलीच होती. मंदीत खड्डे खणून बुजवले तरी चालतील असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद इथे अपुरा पडतो. मजुरी तर उपयोगी कामातूनही तेवढीच मिळाली असती. 22 ऑगस्ट 2025 ला नोआपाडा ते जय हिंद विमानबंदर मेट्रो सुरू झाली. डमडम कॅन्टोन्मेंट आणि जेसोर रोड ही तिची मधली स्थानके. या खेपेला मार्ग मुख्य मेट्रोला जोडलेला आहे.

पूजोची वर्गणी आणि पन्नास हजार

2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 24 टक्क्यांनी घटले. डमडमला याचा अर्थ लोकल बंद. मार्चच्या अखेरीस थांबलेल्या उपनगरी गाड्या बंगालमध्ये सुरू झाल्या त्या 11 नोव्हेंबरला. स्टेशनबाहेरचा चहावाला, नागेरबाजारच्या फेऱ्या करणारी ऑटो, मुढी-चनाचूर विकणारा, सगळ्यांचे गिऱ्हाईक गाडीतून उतरत असे. केंद्राने वीस लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातला मोठा भाग कर्जाची हमी आणि पतपुरवठा होता. फेरीवाल्यांसाठी दहा हजारांच्या कर्जाची योजना आली. गाड्याच बंद असताना फेरीवाला कर्ज घेऊन माल कोणाला विकणार? याच कोलकात्यात वाढलेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी त्या मे महिन्यात सांगत होते की खालच्या साठ टक्के लोकांच्या हाती थेट पैसे द्या, ते खर्च करतील. रेशनचे मोफत धान्य मिळाले आणि त्याने माणसे तगली. जनधन खात्यात महिलांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये मिळाले. रोख रकमेच्या बाबतीत हात आखडताच राहिला.

त्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने वेगळाच खर्च जाहीर केला. सुमारे 37 हजार दुर्गापूजा समित्यांना प्रत्येकी 50 हजार रुपये. विरोध लगेच झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 75 टक्के रक्कम मास्क-सॅनिटायझरसारख्या साधनांवर आणि उरलेली पोलीस-जनता संपर्कावर खर्च करण्याचा आदेश दिला, नंतर मंडप दर्शनासाठी बंदही केले.

सरकारी पैसा देवाच्या उत्सवाला का, हा आक्षेप योग्यच आहे आणि तो टाळता येत नाही. मात्र पूजोचा पैसा कुठे जातो, हेही पाहावे. डमडम पार्क हा थीमच्या पूजांसाठी गाजलेला भाग. मंडपाचे काम महिनो‌न्‌महिने आधी सुरू होते. आधी ट्रकने बांबू येतो. मग बांधकाम करणारी टोळी येते, पुष्कळदा पूर्व मेदिनीपूरच्या कांथी भागातली. मुकादमाला उचल मिळते, तीच आधी गावी जाते. बांबूला बांबू काथ्याने आणि कापडाच्या पट्ट्यांनी बांधत चढणारी ही माणसे मंडपाच्या सावलीतच जेवतात, झोपतात. रोषणाई चंदननगरची, मूर्ती कुमारटुलीची. पूजोच्या आदल्या दिवसांत बांकुडा, मुर्शिदाबाद, नदियाहून ढाकी सियालदह स्टेशनाबाहेर ढोल वाजवत उभे राहतात आणि समित्या तिथूनच त्यांना ठरवून नेतात. शेतमजुरी करणाऱ्या माणसाला हे पाच दिवस वर्षाची गंगाजळी देतात. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासाने 2019 च्या पूजोभोवतीच्या सर्जनशील उद्योगाची उलाढाल 32,377 कोटी रुपये मांडली होती. 2020 मध्ये वर्गणीच जमेना, तेव्हा या साखळीतल्या शेवटच्या माणसाचा विचार करणे चूक नव्हते.

चूक पुढे झाली. मंदी सरली तरी अनुदान वाढतच गेले. 2022 ला 60 हजार, 2023 ला 70, 2024 ला 85 आणि 2025 ला एक लाख दहा हजार. मंदीतला उपाय असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. दिल्लीचा इतिहासही असाच. 2008 च्या डिसेंबरपासून तीन हप्त्यांत आलेल्या पॅकेजने अर्थव्यवस्था लवकर उभी केली, पण केंद्राची वित्तीय तूट अडीच टक्क्यांवरून सहाच्या वर गेली, ती खाली आणायला सरकारने उशीर केला, आणि पुढची काही वर्षे महागाईने लोकांना पिडले. खर्च सुरू कधी करायचा यावर आपण फार बोलतो, थांबवायचा कधी यावर फारच कमी.

उलट जे थांबायला नको ते थांबते. मेदिनीपूर-बांकुड्याच्या मंडपवाल्याला आणि ढाकीला उरलेल्या वर्षात मनरेगाचा आधार असे. गैरव्यवहाराच्या कारणावरून मार्च 2022 मध्ये केंद्राने बंगालचा तो निधी रोखला. गैरव्यवहार करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण हजेरीपटावर खरे नाव असलेल्या मजुरानेही ती वर्षानुवर्षे भोगली.

ऑर्डर आली तेव्हा

महासाथीनंतर केंद्राने जे केले ते मात्र 1966 च्या नेमके उलटे होते. 2022-23 च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्च 35 टक्क्यांनी वाढवून साडेसात लाख कोटींवर नेला. रेल्वेने वॅगनच्या प्रचंड ऑर्डरी काढल्या. मे 2022 मध्ये टिटागढ कंपनीला 24,177 वॅगनची ऑर्डर मिळाली, टेक्समॅकोला 20,067 वॅगनची. टेक्समॅकोचे कारखाने बेलघरिया आणि आगरपाड्यात आहेत, डमडमपासून लोकलने एक-दोन स्थानकांवर. साठ वर्षांत न दिसलेली मागणी दारात आली आणि जेसोर रोडवरचा कारखाना तिला हात घालू शकला नाही. राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये जेसप ताब्यात घेण्याचे विधेयक मंजूर केले होते, कामगारांना महिना दहा हजार रुपये भत्ताही सुरू केला होता. भत्त्याने घरे चालली, कारखाना चालला नाही. वेल्डरचा हात, फिटरची नजर, बेलिलियस रोडच्या लेथवाल्याशी असलेला वर्षांचा व्यवहार, हे सगळे एकदा विखुरले की नुसत्या ऑर्डरीने परत जमत नाही. मंदीत खर्च करण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. पुढे लागणार आहे ते कसब तोपर्यंत जिवंत ठेवायचे असते.

तयार आराखडे

हे वेळेवर कसे साधायचे, याचे एक उत्तर महाराष्ट्राने काढले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी आधी सांगलीच्या तासगाव तालुक्यात अजमावली गेली. 1972 च्या दुष्काळात कामांचा मोठा पसारा उभा राहिला. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी फोडण्याच्या कामांवर होती. सुकडी आणि मिलो आठवणारी पिढी अजून आहे. त्यातल्या सगळ्याच कामांचा उपयोग झाला नाही, खोट्या हजेऱ्याही लागल्या. पण कायदा करताना दोन गोष्टी नीट बसवल्या. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला आणि राज्याने आपली भर घातली. दुसरे म्हणजे जिल्ह्याने कामांचे आराखडे आधीच मंजूर करून ठेवायचे, म्हणजे मजुराने काम मागितले की कागद रंगवण्यात महिने जात नाहीत.

शहरांसाठी असे देशव्यापी काही नाही. 2009 च्या जानेवारीतल्या दुसऱ्या पॅकेजमधून शहरांना बस घ्यायला पैसे मिळाले, कारण बस तयार मिळते; नाला तयार मिळत नाही. डमडम, दक्षिण डमडम, उत्तर डमडम अशा तीन नगरपालिका इथे लागून आहेत आणि या भागाचे बरेच पाणी बागजोला खालातून, म्हणजे कालव्यातून, वाहते. पाऊस झाला की डमडम पार्क, बांगूरच्या गल्ल्या तुंबतात. खालाचा गाळ काढणे, काठ बांधणे, गटारे त्याला नीट जोडणे ही कामे कधीतरी करावीच लागणार आहेत. त्यांना पोकलेन लागते तसे पुष्कळ हातही लागतात, आणि ती पावसाळ्याआधीच्या चार-पाच महिन्यांतच उरकावी लागतात. मोजणी, अतिक्रमणांचा निकाल, तीन नगरपालिका आणि पाटबंधारे खाते यांच्यातली खर्चाची वाटणी, हे सगळे धंदा बरा चालू असतानाच उरकून ठेवावे लागेल. नाहीतर पुढच्या मंदीत निधी येईल तेव्हा निविदेचा मसुदा लिहिण्यातच पहिला पावसाळा निघून जाईल.